सांता मोनिकाच्या विहिरी आणि तीस संशयित: भूमिगत टाक्यांच्या गळतीचा एक तपास

ऑगस्ट १९९५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सांता मोनिका शहराच्या चार्नॉक इथल्या विहिरींत एमटीबीई सापडलं. हे पेट्रोलमध्ये मिसळायचं रसायन. पूर्ण नाव मिथिल टर्शरी ब्युटिल इथर, पण ते कुणी म्हणत नाही. आधी प्रमाण किरकोळ होतं, मग काही महिन्यांतच झपाट्याने चढलं. जून १९९६ पर्यंत चार्नॉकच्या पाचही विहिरी बंद झाल्या. त्याच वर्षी शहराच्या दुसऱ्या ठिकाणच्या, म्हणजे अर्केडियाच्या दोन विहिरीही बंद कराव्या लागल्या. चार्नॉकमध्ये सर्वाधिक प्रमाण भरलं लिटरमागे ६१० मायक्रोग्रॅम, अर्केडियात ८६. सुमारे ८७ हजार वस्तीच्या या शहराचं निम्मं पाणी या दोन ठिकाणांहून येत होतं. ते थांबलं आणि कोलोरॅडो नदीचं व उत्तर कॅलिफोर्नियाचं पाणी विकत घेणं सुरू झालं.

या प्रकरणात कुणी दगावलं नाही, स्फोट झाला नाही, आग लागली नाही. म्हणूनच बहुधा आपल्याकडे ते फारसं माहीत नाही. पण पेट्रोल पंपाखालच्या टाक्या, माती आणि भूजल यांच्याशी ज्यांचा कामाचा संबंध येतो त्यांच्यासाठी यासारखं दुसरं प्रकरण नाही, असं माझं मत आहे. पाणी बिघडलंय हे इथे एका चाचणीत कळलं. ते कुणाच्या टाकीतून बिघडलं, कोणत्या थरातून आलं आणि आता कुठे निघालंय, हे शोधायला मात्र वर्षं गेली. त्या वर्षांत तपासाच्या रूढ पद्धतीतल्या किती गोष्टी बेंझिन या पेट्रोलमधल्या दुसऱ्या घटकासाठी बेतलेल्या होत्या, तेही उघडं पडलं.

हे रसायन पेट्रोलमध्ये आलं कसं

पेट्रोलमधलं शिसं कमी करायला लागल्यावर ऑक्टेन वाढवायला काहीतरी हवं होतं, म्हणून १९७९ च्या सुमारास अमेरिकेत एमटीबीईचा वापर सुरू झाला. खरी भर पडली ती पुढे. १९९० च्या स्वच्छ हवा कायद्यातल्या दुरुस्तीनुसार ज्या शहरांची हवा खराब आहे तिथल्या पेट्रोलमध्ये वजनाने २ टक्के ऑक्सिजन असणं बंधनकारक झालं. हा ऑक्सिजन इथेनॉलमधून मिळू शकत होता, पण तेलकंपन्यांना एमटीबीई सोयीचं होतं. ते रिफायनरीतच बनतं, पेट्रोलमध्ये सहज मिसळतं आणि पाइपलाइनमधून पाठवता येतं. त्यामुळे कॅलिफोर्नियाच्या पेट्रोलमध्ये आकारमानाने सुमारे ११ टक्के एमटीबीई आलं.

हवेसाठी केलेल्या या सोयीची पाण्यातली बाजू कुणी नीट पाहिली नव्हती. बेंझिन पाण्यात लिटरला जेमतेम १.८ ग्रॅम विरघळतं. एमटीबीई विरघळतं ५० ग्रॅमच्या आसपास. बेंझिन मातीतल्या सेंद्रिय भागाला थोडंफार चिकटून राहतं, त्यामुळे पाण्यापेक्षा हळू सरकतं. एमटीबीई जवळजवळ चिकटतच नाही, ज्या वेगाने भूजल वाहतं त्याच वेगाने तेही जातं. बेंझिन जमिनीतले जीवाणू खातात, पण एमटीबीईच्या वाट्याला ते सहसा जात नाहीत, आणि ऑक्सिजन नसलेल्या थरात तर फारच क्वचित. शिवाय पाण्यातून हवेत निघून जायची त्याची ओढ बेंझिनच्या सुमारे एक दशांश. म्हणजे पाण्यातून हवा खेळवून बेंझिन जितक्या सहज काढता येतं तितकं हे निघत नाही.

आणि त्याला वास आहे, टर्पेंटाइनसारखा उग्र. लिटरमागे २०-४० मायक्रोग्रॅम असलं तरी पुष्कळ लोकांना कळतं, काहींना त्याहूनही कमी असताना. डिसेंबर १९९७ मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने, म्हणजे ईपीएने, जी सल्लावजा पातळी जाहीर केली ती याच २० ते ४० च्या दरम्यान होती. पुढे कॅलिफोर्नियाने चव आणि वासासाठी ५ आणि आरोग्यासाठी १३ मायक्रोग्रॅम अशा मर्यादा घातल्या.

या आकड्यांचा अर्थ हिशोब केल्याशिवाय लक्षात येत नाही. एक लिटर पेट्रोलमध्ये ११ टक्के एमटीबीई म्हणजे साधारण ८० ग्रॅम. ५ मायक्रोग्रॅमच्या मर्यादेने पाहिलं तर एवढं एमटीबीई १ कोटी ६० लाख लिटर पाणी नासवायला पुरतं. आपल्या भाषेत, दहा हजार लिटरचे सोळाशे टँकर. एका लिटर पेट्रोलसाठी. प्रत्यक्षात सगळं एमटीबीई सारख्या प्रमाणात पसरत नाही हे खरं, पण प्रश्न किती नाजूक आहे ते कळायला हा हिशोब पुरेसा आहे.

टाकी ‘पास’ होती

अशा वेळी पहिला प्रश्न येतो तो असा, की टाक्या गळत होत्या तर पंपवाल्यांना कळलं कसं नाही? उत्तर नियमांतच आहे.

अमेरिकेत १९८८ च्या केंद्रीय नियमांनी भूमिगत टाक्यांना गळती शोधण्याची व्यवस्था सक्तीची केली. जुन्या, साध्या पोलादी टाक्यांना गंजापासून संरक्षण आणि सांडण्यावर प्रतिबंध बसवायला २२ डिसेंबर १९९८ ची मुदत दिली. म्हणजे चार्नॉकच्या पाण्यात एमटीबीई सापडलं तेव्हा ही मुदत संपायला तीन वर्षं होती. पण मुदतीचं सोडा, गळती शोधायच्या कसोट्यांची धारच बघा. टाकीच्या घट्टपणाच्या चाचणीला ताशी ०.१ गॅलन गळती ओळखता आली पाहिजे, अशी अट आहे. त्याहून बारीक गळती असेल तर टाकी पास. ताशी ०.१ गॅलन म्हणजे दिवसाला ९ लिटर, वर्षाला ३,३०० लिटरच्या आसपास.

रोजच्या साठ्याच्या मेळावर विसंबलं तर आणखीच मोकळं रान. डिप घ्यायची, म्हणजे पट्टीने टाकीतल्या पेट्रोलची उंची मोजायची, विक्री वजा करायची, आलेल्या टँकरची बेरीज करायची. महिन्याच्या शेवटी फरक उलाढालीच्या १ टक्का अधिक १३० गॅलन यापेक्षा जास्त असेल तरच संशय. महिना ४ लाख लिटर विकणाऱ्या पंपावर साडेचार हजार लिटरपर्यंतचा फरक नियमात बसतो. तापमानाने पेट्रोल फुगतं-आकसतं, डिप वाचताना मिलिमीटरभर इकडे-तिकडे होतं, मीटर थोडा जास्त देतो. फरकाला कारणं पुष्कळ असतात, त्यामुळे खरी गळती त्यांत सहज लपते. टाकीखेरीज पाइपचे सांधे, पंपाखालच्या जोडण्या आणि टँकर रिकामा करतानाची सांडलवंड हीदेखील मोठी वाट. तिथून जमिनीत गेलेलं टाकीच्या चाचणीत दिसतच नाही.

बेंझिनच्या चष्म्यातून

नोव्हेंबर १९९५ मध्ये लॉरेन्स लिव्हरमोर राष्ट्रीय प्रयोगशाळेने कॅलिफोर्नियातल्या गळक्या टाक्यांच्या जुन्या प्रकरणांचा अभ्यास प्रसिद्ध केला. निष्कर्ष असा, की बेंझिनने दूषित झालेला भूजलाचा पट्टा, ज्याला या व्यवसायात प्लूम म्हणतात, बहुतेक ठिकाणी अडीचशे फुटांपलीकडे जात नाही. जीवाणू त्याला तिथेच गाठतात. म्हणून जिथे स्रोत काढून टाकलेला आहे आणि जवळ विहीर नाही तिथे खर्चिक उपसा-शुद्धीकरण न करता निसर्गावर सोपवावं. राज्याच्या जलमंडळाने ते मनावर घेतलं आणि कमी धोक्याच्या जागांवरची सक्रिय सफाई आवरती घ्यायला लगेच सुरुवातही केली.

तो अभ्यास चुकीचा नव्हता, हे ठासून सांगितलं पाहिजे, कारण नंतर त्याच्यावर बरीच टीका झाली. बेंझिनबद्दल तो बरोबरच होता. पण चार्नॉकच्या विहिरींत एमटीबीई दिसून तेव्हा तीन महिने झाले होते, आणि पंपांच्या जागांवर एमटीबीईची चाचणी करा असं बहुतेक ठिकाणी कुणी सांगितलेलंच नव्हतं. बेंझिन, टोल्युइन, इथाइलबेंझिन, झायलिन ही चौकडी, म्हणजे बीटेक्स, आणि एकूण पेट्रोलियम हायड्रोकार्बन एवढंच तपासायचा रिवाज होता.

याच किनाऱ्यावर थोडं वर पोर्ट ह्युनीमीला नौदलाचा तळ आहे. तिथे १९८४-८५ मध्ये पंपातून सुमारे ११ हजार गॅलन पेट्रोल जमिनीत गेलं. पुढे तिथल्या वालुकामय उथळ जलधरात, म्हणजे भूजल धरून ठेवणाऱ्या थरात, मोजमाप झालं तेव्हा बीटेक्सचा पट्टा सुमारे तीनशे मीटर निघाला, आणि त्याच गळतीतल्या एमटीबीईचा सुमारे दीड किलोमीटर. दोन रसायनांचं जमिनीखालचं वागणं किती वेगळं असतं याला इतकं स्पष्ट उदाहरण मला दुसरं माहीत नाही.

चार्नॉकच्या जमिनीखाली

या विहिरी नावाने सांता मोनिकाच्या असल्या तरी शहराच्या हद्दीबाहेर, लॉस एंजेलिसच्या पश्चिम भागात आहेत. आजूबाजूला घनदाट शहर, मोठे रस्ते, चौकाचौकात पंप. जमिनीखाली दोन भ्रंशांच्या, म्हणजे खडक तुटून सरकलेल्या रेषांच्या, मध्ये पडलेलं एक उपखोरं. त्यात वाळू, रेती आणि चिकणमातीचे थर. वर उथळ जलधर, त्याखाली चिकट गाळाचे थर आणि त्याखाली सिल्व्हराडो नावाचा खोल, भरपूर पाण्याचा जलधर. पिण्याचं पाणी उपसलं जायचं ते या खालच्या जलधरातून.

कागदावर हे सुरक्षित वाटतं. टाक्या जमिनीत तीन-चार मीटरवर, विहिरींच्या जाळ्या, म्हणजे पाणी आत घेणारे छिद्रांचे भाग, कितीतरी खोल, मध्ये चिकणमाती. पण नदीने आणलेल्या गाळातला मातीचा थर ताडपत्रीसारखा सलग पसरलेला नसतो. कुठे तो पातळ होतो, कुठे संपतो, कुठे जुन्या विहिरीच्या आवरणनळीभोवती पाण्याला उभी वाट सापडते. त्यात भर म्हणजे उपसा. दशकानुदशकं खालून पाणी ओढलं की खालच्या थरातला दाब कमी होतो आणि वरचं पाणी खाली झिरपू लागतं. विहिरीभोवती पाणीपातळीचा खड्डा तयार होतो आणि चहूबाजूंनी भूजल त्याच्याकडे वळतं. म्हणजे सांता मोनिका जे पाणी पीत होती ते मिळवतानाच ती आसपासच्या पंपांखालचं एमटीबीई आपल्याकडे ओढून घेत होती. दोष शहराचा नाही, पण तपासाच्या नकाशावर सर्वात मोठा बाण हाच होता.

अर्केडियाची गोष्ट याच्या तुलनेत सोपी. विहिरींच्या अगदी जवळ मोबिलचा एक पंप होता; स्रोत ओळखायला फार डोकं खाजवावं लागलं नाही, आणि त्या कंपनीशी शहराची लवकर तडजोडही झाली.

तीस संशयित

चार्नॉकला तसं नव्हतं. ईपीए आणि लॉस एंजेलिसचं प्रादेशिक जलगुणवत्ता नियंत्रण मंडळ यांनी जोडीने काम हाती घेतलं. विहिरींपासून सुमारे सव्वा मैलाच्या, म्हणजे दोन किलोमीटरच्या टापूत त्यांना तीसच्या आसपास संभाव्य स्रोत मिळाले: अठ्ठावीस ठिकाणच्या भूमिगत टाक्या आणि पेट्रोल वाहणाऱ्या दोन पाइपलाइनी. काही पंप चालू, काही बंद पडलेले; मालक बदललेले, कंपन्यांच्या पाट्या बदललेल्या, टाक्या काढून वर दुसरंच काही बांधलेलं.

इथे तपास करणाऱ्याची खरी अडचण सुरू होते. रक्ताच्या डागावरून माणूस ओळखता येतो तसं एमटीबीईच्या रेणूवरून कंपनी ओळखता येत नाही. शेलचं एमटीबीई आणि शेव्हरॉनचं एमटीबीई यांत रसायनशास्त्राला काही फरक दिसत नाही. तेलकंपन्या एकमेकींकडून पेट्रोल घेतात, एकाच पाइपलाइनमधून, एकाच डेपोतून उचलतात, त्यामुळे पंपावरची पाटी आणि टाकीतला माल यांचा संबंध ढिलाच असतो. जुन्या पेट्रोल-गळत्यांमध्ये शिशाचं प्रमाण, इतर घटकांची गुणोत्तरं यांवरून गळतीच्या काळाचा अंदाज बांधता येतो, पण एमटीबीई इतर घटकांना मागे टाकून एकटंच पुढे निघून गेलेलं असतं. विहिरीपाशी पोचतं ते फक्त तेच. सोबत बाकीचं पेट्रोल नाही, त्यामुळे त्याचा ठसाही नाही.

मग उरतो तो जुना, चिकाटीचा मार्ग. प्रत्येक जागेवर खोदायचं, प्रत्येक जागेचं सारख्याच पद्धतीने मोजायचं आणि सगळं एका नकाशावर आणायचं. १९९७ पासून एकेका जागेच्या मालक-चालकांना यंत्रणांनी तसे आदेश दिले. यातला ‘सारख्याच पद्धतीने’ हा भाग मला सर्वात मोलाचा वाटतो. एरवी प्रत्येक पंपाचा सल्लागार वेगळा. त्याने चार निरीक्षण विहिरी घ्यायच्या, त्याही आपल्या कुंपणाच्या आत, पाणीपातळीला जेमतेम टेकणाऱ्या. आणि अहवालात लिहायचं की प्लूम जागेच्या हद्दीत आहे. असे तीस अहवाल तीस कपाटांत पडून राहिले असते तर प्रत्येक पंप निर्दोष ठरला असता आणि विहिरी तशाच दूषित राहिल्या असत्या.

नमुना घेण्यातल्या खाचा

या भागावर मी थोडा रेंगाळणार आहे, कारण बहुतेक प्रकरणं प्रयोगशाळेत नाही, विहिरीच्या तोंडाशी बिघडतात.

पहिली गोष्ट खोलीची. पेट्रोल पाण्यावर तरंगतं, म्हणून निरीक्षण विहिरीची जाळी पाणीपातळीवर ठेवायची हा जुना धडा. तरंगणाऱ्या पेट्रोलसाठी तो बरोबर आहे. पण विरघळलेलं एमटीबीई तरंगत नाही. पुढे जाताना वरून पावसाचं, बागांचं पाणी झिरपत राहतं आणि प्लूम त्याखाली दबत खाली-खाली जातो. स्रोतापासून दोनशे मीटरवर उथळ विहीर घेतली तर त्यात अगदी स्वच्छ पाणी मिळेल, आणि एमटीबीई पाच-सात मीटर खालून निघून गेलेलं असेल. त्यावर उपाय म्हणजे एकाच ठिकाणी वेगवेगळ्या खोलीवर आखूड जाळ्या असलेल्या विहिरींचा जुडगा. शिवाय जमिनीत शंकू दाबत नेऊन थरांचा रोध मोजायचा, म्हणजे वाळू कुठे आणि चिकणमाती कुठे हे आधीच कळतं, विहीर आंधळेपणाने घ्यावी लागत नाही. लांबच्या लांब जाळीची विहीर मात्र घातक. तिच्यात दूषित आणि स्वच्छ थरांचं पाणी मिसळतं, आकडा खाली येतो, आणि वर तीच विहीर वरच्या थरातली घाण खालच्या थरात नेणारी नळी बनते.

दुसरी गोष्ट बाटलीची. वाफ होऊन उडणाऱ्या रसायनांसाठी ४० मिलिलिटरच्या काचेच्या कुप्या वापरतात. त्या काठोकाठ भरायच्या, झाकण लावून उलट्या करून पाहायच्या. आत बुडबुडा दिसला तर नमुना फेकून द्यायचा. जीवाणूंनी वाटेत काही खाऊ नये म्हणून आम्ल घालतात आणि बर्फात पाठवतात. सोबत प्रयोगशाळेतून आलेली, न उघडलेली शुद्ध पाण्याची कुपी जाते आणि परत येते. तिच्यात काही सापडलं तर ते वाटेत शिरलं असं समजायचं. ज्या गाडीने नमुने न्यायचे तिच्यात पेट्रोलचा कॅन ठेवायचा नाही आणि नमुने घ्यायला निघताना वाटेत पंपावर थांबायचं नाही, हे सांगायची गरज पडू नये, पण पडते.

तिसरी गोष्ट यंत्राची. त्या काळात बीटेक्ससाठी जी स्वस्त पद्धत रूढ होती तिच्यात गॅस क्रोमॅटोग्राफला, म्हणजे मिश्रणातले घटक एकामागून एक वेगळे करणाऱ्या यंत्राला, फोटोआयनीकरण शोधक लावलेला असे. त्या पद्धतीत पेट्रोलमधले दुसरे काही घटक एमटीबीईच्याच वेळेला बाहेर पडतात आणि यंत्र त्यांना एमटीबीई समजतं. दाट पेट्रोल असलेल्या नमुन्यात असे खोटे आकडे सहज येतात. म्हणून एमटीबीई सापडलं असं म्हणायचं तर वस्तुमान वर्णपट देणाऱ्या यंत्राने, म्हणजे जीसी-एमएसने, खात्री केलेली हवी. तीस पक्षांचे वकील समोर बसलेले असताना तर हवीच. त्याबरोबर टीबीए, म्हणजे टर्शरी ब्युटिल अल्कोहोलही मोजावं लागतं, कारण एमटीबीईचं विघटन झालं की ते मागे राहतं. एमटीबीईचा आकडा घटला म्हणून आनंद करायचा आणि टीबीए चढलेलं बघायचंच नाही, असं होऊ शकतं.

उपसा थांबला आणि बाण वळले

जून १९९६ मध्ये शहराने उपसा बंद केला. त्याच उपखोऱ्यात शेजारच्या कल्व्हर सिटीच्या भागाला पाणी देणाऱ्या सदर्न कॅलिफोर्निया वॉटर कंपनीच्याही विहिरी होत्या. आपण उपसत राहिलो तर दूषित पाणी आपल्याकडे वळेल, म्हणून तिनेही ऑक्टोबर १९९६ मध्ये त्या बंद केल्या. निर्णय दोन्ही बरोबर होते. पण त्यामुळे पाणीपातळी वर आली, खड्डा भरत गेला आणि ज्या प्रवाहाने एमटीबीई विहिरींत आणलं होतं तो प्रवाहच उरला नाही.

आता तपासासाठी घेतलेल्या नव्या विहिरींतली पातळी मोजून भूजलाच्या प्रवाहाचे बाण काढले तर ते १९९७-९८ चे बाण. दूषित पाणी आलं होतं ते १९९५ पूर्वीच्या बाणांनी. एखाद्या पंपाच्या सल्लागाराने आजच्या पातळीवरून दाखवलं की आमच्याकडचं भूजल विहिरींकडे जातच नाही, तर ते आजपुरतं खरं असू शकतं आणि तरीही त्याच पंपाचं एमटीबीई काही वर्षांपूर्वी विहिरीत पोचलेलं असू शकतं. म्हणून जुन्या उपशाच्या नोंदी, कोणती विहीर कोणत्या महिन्यात किती चालली, कधी बंद होती, हे सगळं संगणकी प्रारूपात भरून मागचा प्रवाह पुन्हा उभा करावा लागतो. पाणीखात्याची जुनी नोंदवही अशा वेळी प्रयोगशाळेच्या अहवालाइतकीच महत्त्वाची ठरते. आपल्या गावोगावच्या नळयोजनांत ती कुणी ठेवतं का, हा प्रश्न मनात येतोच.

पैसे आणि कोळसा

या तपासातून अनेक जागांवर एमटीबीई मिळालं, पण सर्वांचा वाटा सारखा नव्हता. पर्यायी पाण्याचा आणि तपासाचा खर्च उचलायचा करार शेल, शेव्हरॉन आणि एक्सॉन यांनी १९९७ मध्ये शहराशी केला होता. तो पुढे टिकला नाही. १९९९ मध्ये ईपीएने शेल आणि तिच्याशी संबंधित कंपन्यांना पर्यायी पाणी पुरवण्याचा आदेश काढला. २००० मध्ये शहर कोर्टात गेलं आणि २००३ मध्ये मोठ्या कंपन्यांबरोबर तडजोड झाली. पैसे तर होतेच, शिवाय शुद्धीकरणाचा भारही कंपन्यांवर आला. दरम्यान, मार्च १९९९ मध्ये गव्हर्नर ग्रे डेव्हिस यांनी एमटीबीई टप्प्याटप्प्याने हटवायचा आदेश दिला. मुदत एकदा पुढे ढकलून अखेर २००३ संपता-संपता ते कॅलिफोर्नियाच्या पेट्रोलमधून गेलं.

प्रत्येकाच्या वाट्याचा नेमका टक्का ठरेपर्यंत थांबायचं नाही, आधी पाणी द्या आणि तुमचा हिशोब तुमच्यात मागाहून करा, ही यंत्रणांची भूमिका मला या प्रकरणातली सर्वात शहाणपणाची वाटते. वाटा ठरवत बसले असते तर तीस वकील अजून भांडत असते.

शुद्धीकरणासाठी चार्नॉकला दाणेदार सक्रिय कोळशाच्या टाक्या बसवल्या. एमटीबीई कोळशालाही नाखुशीनेच चिकटतं, त्यामुळे बेंझिनपेक्षा कोळसा लवकर भरतो आणि लवकर बदलावा लागतो. या कामाला दगडी कोळशापासून केलेल्यापेक्षा नारळाच्या करवंटीपासून केलेला कोळसा सहसा जास्त टिकतो, कारण त्याची छिद्रं अधिक बारीक असतात. २०१०-११ च्या सुमारास चार्नॉकचं पाणी पुन्हा शहराच्या नळांना आलं. विहिरी बंद झाल्याला तोवर जवळजवळ पंधरा वर्षं झाली होती.

आपल्याकडे

चार्नॉकची पद्धत महाराष्ट्रात जशीच्या तशी चालणार नाही. तिथे वाळू आणि माती, इथे राज्याच्या बहुतेक भागात बेसॉल्ट. पाणी वरच्या मुरमातून, भेगांतून आणि दोन लाव्हाप्रवाहांच्या मधल्या सांध्यांतून जातं. चार निरीक्षण विहिरींच्या पातळ्या जोडून समपातळी रेषा काढायची पद्धत अशा खडकात फसवते, कारण दहा मीटरवरच्या दोन विंधन विहिरींचा एकमेकींशी संबंध नसू शकतो आणि तीनशे मीटरवरच्या दोघींचा असू शकतो. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या जानेवारी २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत नव्या पंपाने शाळा, दवाखाना, वस्तीपासून ५० मीटर लांब असावं असं आहे. हवा आणि आगीच्या दृष्टीने त्याला अर्थ आहे. भेगेतून जाणाऱ्या पाण्याला ५० मीटरचं काही वाटत नाही.

पेट्रोलही बदललंय. शिसं २००० मध्ये गेल्यावर आपल्याकडच्या काही रिफायनऱ्यांनीही ऑक्टेनसाठी एमटीबीई वापरलं. आता २० टक्के इथेनॉल आहे. इथेनॉल एमटीबीईसारखं चिवट नाही, जीवाणू ते आवडीने खातात. पण ते खाताना जमिनीतला ऑक्सिजन संपतो आणि बेंझिन तसंच राहून नेहमीपेक्षा लांब जातं. म्हणजे अडीचशे फुटांचा तो जुना ठोकताळाही इथेनॉलच्या पेट्रोलला डोळे मिटून लावता येत नाही. आणखी एक गोष्ट पंपवाल्यांना चांगली माहीत असते: पावसाळ्यात टाकीत पाणी शिरलं की इथेनॉल त्या पाण्यात उतरतं आणि तळाशी वेगळा थर होतो. बाहेरचं पाणी आत येत असेल तर भूजलाची पातळी उतरल्यावर आतलं पेट्रोल त्याच वाटेने बाहेर जाऊ शकतं, हे मात्र त्याच दमात कुणी बोलत नाही. ग्राहकाची गाडी बंद पडली म्हणून तक्रार होते, टाकी उपसली जाते आणि प्रकरण मिटतं.

पंपाशेजारच्या विहिरीला वास येतो अशी तक्रार आली की नमुना नेहमीच्या प्रयोगशाळेत जातो. पिण्याच्या पाण्याच्या आयएस १०५०० : २०१२ या मानकात खनिज तेलाची मर्यादा लिटरला ०.५ मिलिग्रॅम आहे, आणि एमटीबीई तर यादीतच नाही. नेहमीचा अहवाल क्षार, कठीणपणा, नायट्रेट आणि जीवाणू बघून येतो. त्यामुळे नमुना देतानाच बीटेक्स, एमटीबीई आणि टीबीए जीसी-एमएसवर करून द्या असं लिहून द्यावं लागतं, कुपी बुडबुड्याशिवाय भरावी लागते, आणि एकच विहीर न धरता वेगवेगळ्या खोलीच्या दोन-तीन विहिरींचे नमुने पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर घ्यावे लागतात.